अकापुल्कोच्या धक्क्यावर उतरलेली माणसं

अकापुल्को म्हटलं की जुन्या पिढीतल्या सिनेरसिकांना ला केब्रादाच्या उंच कड्यावरून समुद्रात सूर मारणारे पोहणारे आठवतात. मेक्सिकोच्या गेरेरो राज्यातलं हे शहर विसाव्या शतकाच्या मध्याला हॉलिवूडच्या नटनट्यांचं सुट्टीचं ठिकाण होतं. पण या खाडीचा खरा इतिहास त्याच्या कितीतरी आधीचा आहे, आणि त्याचा एक धागा आपल्यापर्यंत येतो.

स्पॅनिशांना मेक्सिकोहून फिलिपिन्सला जाणं जमलं होतं. अडचण परतीची होती, कारण वारे विरुद्ध दिशेचे. १५६५ साली आंद्रेस दे उर्दानेता या दर्यावर्दी भिक्षूने उत्तरेला बरंच वर चढून पश्चिमेकडून वाहणारे वारे गाठले आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याने खाली उतरत अकापुल्को गाठलं. तेव्हापासून १८१५पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षं, मनिलाची गलबतं इथे येत राहिली. चिनी रेशीम, पोर्सेलिन, मसाले, भारतातलं सुती कापड यायचं. मेक्सिकोची चांदी जायची. गलबत लागलं की इथे जत्रा भरायची. जत्रा संपली की श्रीमंत व्यापारी या उकाड्यातून आणि तापाच्या साथींतून पळ काढायचे.

बंदराच्या रक्षणासाठी बांधलेला सान दिएगोचा किल्ला आजही पाहायला मिळतो. पहिला किल्ला १७७६च्या भूकंपात पडला, आताचा पंचकोनी किल्ला त्यानंतरचा. आत संग्रहालय आहे आणि गलबतांच्या व्यापाराची कहाणी तिथे मांडली आहे.

मात्र त्या गलबतांतून फक्त माल उतरला नाही. माणसंही उतरली, आणि त्यांतली कित्येक गुलाम होती. फिलिपिन्स, मलाया, बंगाल, मलबार कुठूनही आलेली असोत, मेक्सिकोत सगळ्यांना एकच नाव मिळालं: ‘चिनो’. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध म्हणजे कातारिना दे सान हुआन. तिच्या धर्मगुरूंनी लिहिलेल्या चरित्रांनुसार ती मुघल मुलखातली, मूळ नाव मिर्रा. पोर्तुगीज चाच्यांनी तिला लहानपणी पळवलं. कोचीनला बाप्तिस्मा झाला, मनिलाला विक्री झाली आणि अकापुल्कोमार्गे ती पुएब्ला शहरात पोचली. १६८८ साली ती वारली, तेव्हा लोक तिला संत मानत होते. पुढे इन्क्विझिशनने तिच्या चरित्रावर बंदी घातली. ‘चिना पोब्लाना’ हे तिच्याशी जोडलं गेलेलं नाव आज मेक्सिकन बायकांच्या एका भरजरी पोशाखाचं आहे. त्या पोशाखाचा तिच्याशी काही संबंध असल्याचा पुरावा नाही. आशियाई लोकांना गुलाम करण्यावर स्पॅनिश दरबाराने बंदी आणली ती १६७२मध्ये.

फिलिपिनो खलाशांपैकी बरेच परत गेलेच नाहीत. त्यांनी या किनाऱ्यावर माडाच्या झाडावर चढून माडी काढायचं कसब आणलं. तिला इथे आजही ‘तुबा’ म्हणतात, आणि हा शब्द फिलिपिन्सचा आहे. कोकणातल्या माणसाला या किनाऱ्यावरच्या नारळीच्या बागा पाहून घरची आठवण आली, तर ती अगदीच उगाच नाही.

अकापुल्कोहून किनाऱ्याने पूर्वेकडे गेलं की कोस्ता चिका हा भाग लागतो. इथल्या कुआहिनिकुइलापासारख्या गावांत आफ्रिकन गुलामांचे वंशज राहतात. तिथे त्यांच्या इतिहासाचं संग्रहालय आहे, आणि मृतांच्या सणाला मुखवटे घालून ‘सैतानांचा नाच’ होतो. ज्याच्या नावावरून राज्याचं नाव पडलं तो विसेंते गेरेरो स्वतः आफ्रिकन वंशाचा. राष्ट्राध्यक्ष असताना १८२९ साली त्याने गुलामगिरी रद्द केली. तरी त्याच वंशाच्या लोकांना मेक्सिकोच्या राज्यघटनेत स्वतःचं स्थान मिळायला २०१९ उजाडलं.

ऑक्टोबर २०२३मध्ये ओटिस चक्रीवादळाने अकापुल्को उद्ध्वस्त केलं. तेव्हा जगभर मोडक्या हॉटेलांची छायाचित्रं फिरली, कारण शहराची तीच ओळख उरली आहे. कोणी तिकडे गेलंच, तर किनाऱ्यावर जरूर बसावं. पण एक दुपार किल्ल्यासाठी आणि एक दिवस कोस्ता चिकासाठी ठेवावा. किल्ल्यात रेशीम आणि पोर्सेलिनच्या व्यापाराची गोष्ट वाचताना, त्याच गलबतातून उतरलेल्या, आपल्या बाजूच्या समुद्रातून नेलेल्या त्या मुलीचीही आठवण ठेवावी.