कोळशाची रेघ आणि खचलेली भूमी

मराठीत कोळशाचे दोन प्रकार सांगितले जातात. भूगर्भातून निघतो तो दगडी कोळसा आणि लाकूड कोंडून जाळल्यावर उरतो तो लोणारी कोळसा. शिरूर व दौंड तालुक्यांना परिचय आहे तो दुसऱ्याचा. भीमाकाठी व माळरानांवर माजलेली वेडी बाभूळ तोडावी, लाकडाचा ढीग रचावा, त्यावर पाला व माती लिंपून हवा कोंडावी आणि आत मंद आग धुमसू द्यावी, की काही दिवसांनी कोळसा हाती येतो. अशा भट्ट्यांवर राबणाऱ्यांत कोकणातून स्थलांतर करून आलेली कातकरी कुटुंबेही असतात. बारीक काड्या याच तत्त्वाने जाळल्या म्हणजे चित्रकाराचा चारकोल तयार होतो. जळालेल्या झाडाच्या या अवशेषाने, मनुष्याने भूमीची केलेली अवस्था चितारणारा समकालीन महाराष्ट्रीय कलावंत म्हणजे प्रभाकर पाचपुते.

खाणीच्या गावातून

पाचपुते यांचा जन्म १९८६ साली चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती या गावी झाला. राजुरा तालुक्यातील हे गाव वर्धा खोऱ्यातील दगडी कोळशाच्या पट्ट्यात वसलेले आहे. पाचपुते यांच्या घरातील तीन पिढ्यांचा संबंध खाणकामाशी आला. खैरागड येथील इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात पदवीचे व बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिल्पकलेचे पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले. पुढे ते पुण्यात स्थायिक झाले. २०१२ साली मुंबईच्या क्लार्क हाऊस येथे त्यांचे पहिले एकल प्रदर्शन भरले. विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून खाणीत नेल्या जाणाऱ्या कॅनरी पक्ष्याचे नाव त्या प्रदर्शनाला देण्यात आले होते. २०१३ मध्ये कोलकात्यात ‘लँड ईटर्स’, अर्थात जमीन गिळणारे, हे प्रदर्शन झाले.

माध्यम आणि आशय

पाचपुते अनेकदा थेट भिंतीवर कोळशाने चित्र काढतात. प्रदर्शन संपले की भिंत पुसली वा रंगवली जाते आणि चित्र नाहीसे होते. खाणीसाठी उठवलेल्या गावाचे जे होते, तेच या चित्राचेही होते. शिल्पे आणि एकेक चित्र बदलत नेऊन साधलेले चलच्चित्र यांचाही वापर ते करतात. त्यांच्या चित्रांतील माणसे अखंड मानवदेहाची नसतात. मस्तकाच्या जागी दिवा किंवा अवजार येते, जनावर आणि यंत्र एकमेकांत मिसळतात, डोंगराला पाय फुटतात. या चित्रांत केवळ खलनायक आणि केवळ बळी अशी वाटणी आढळत नाही. भूमी खोदणारा मजूर त्याच भूमीचा पुत्र असतो. खोदल्यावाचून त्याची चूल पेटत नाही आणि खोदल्याने त्याचे शिवार उरत नाही. हा पेच त्यांच्या कलेचा गाभा आहे.

दक्षिण आफ्रिकेतील विल्यम केंट्रिज यांनीही खाणींचे जग कोळशाने रेखाटले आहे. १९९१ च्या ‘माइन’ या चलच्चित्रात त्यांनी चित्र काढणे, पुसणे व पुन्हा काढणे ही पद्धत वापरली. पुसलेल्या रेषेचा डाग कागदावर राहतो आणि तोच गतकाळाची साक्ष ठरतो.

पाचपुते यांची कला २०१४ मध्ये साओ पावलो व कोची, तर २०२२ मध्ये व्हेनिस येथील द्वैवार्षिक कलामेळ्यांत मांडली गेली. २०२१ साली वेल्समधील कार्डिफ येथील ‘आर्टेस मुंडी’ हा पुरस्कार सहा कलावंतांत विभागून देण्यात आला. त्यांत त्यांचा समावेश होता. त्या प्रदर्शनातील त्यांच्या कामात वेल्सच्या खाणकामगारांच्या परंपरेसोबत भारतीय शेतकरी व श्रमिकांच्या लढ्यांचे पडसाद होते.

भीमेच्या काठावरून पाहताना

शिरूर व दौंडमध्ये दगडी कोळशाची खाण नाही. परंतु हा पेच येथे अपरिचित नाही. दोन्ही तालुक्यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या भीमेच्या पात्रातून वर्षानुवर्षे वाळू उपसली गेली. वाळूचा थर पाणी धरून ठेवतो व काठच्या विहिरींना पाझर पुरवतो. तो निघून गेला की पाणी टिकत नाही आणि विहिरी लवकर आटतात. पुणे शहराच्या इमारतींना वाळू हवी असते. तिच्या उपशावर गावातील कित्येकांचा रोजगार चालतो. याच शहराचे सांडपाणी मुळा-मुठेतून येऊन रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींनीही रोजगारासोबत पाण्याच्या शुद्धतेचा प्रश्न आणला. वेडी बाभूळ तर मुळात अमेरिका खंडातील. उजाड जमीन हिरवी व्हावी, सरपण मिळावे म्हणून मनुष्यानेच ती भारतात लावली. पुढे ती आवरेनाशी झाली आणि तिच्या तोडीवर भट्ट्या उभ्या राहिल्या.

सास्तीच्या मातीत उमगलेली गोष्ट भीमाकाठी लागू पडते ती या अर्थाने. वाळूची गाडी भरणारा हात आणि आटलेल्या विहिरीत पोहरा सोडणारा हात पुष्कळदा एकाच घरातला असतो. पाचपुते यांची चित्रे त्या हाताला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाहीत आणि त्याची सुटकाही करीत नाहीत. पर्यावरणाचा प्रश्न हा उपजीविकेचाही प्रश्न आहे, आणि एकाला वगळून दुसऱ्याचे उत्तर मिळणार नाही, याची जाणीव ती करून देतात.