ओट्यावरचा कायदा आणि कोर्टातला कायदा



माहेरी परत आलेल्या लेकीला गावात तीन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात. पहिलं, ‘तू नांदायला जात नाहीस, मग पोटगी कसली मागतेस?’ दुसरं, ‘स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी झाली, विषय मिटला.’ आणि तिसरं, ‘मुलं बापाची. तुला जायचं तर एकटी जा.’

सांगणारे कधी सासरचे असतात, कधी भावकीतले, कधी गावातली जाणती माणसं. ते मुद्दाम खोटं बोलतात असंही नाही. या तिन्ही गोष्टी एके काळी कायदा तरी होत्या, नाहीतर रिवाज तरी. पुढे कायदा बदलत गेला, ओट्यावरचं बोलणं मात्र तसंच राहिलं. कोणती गोष्ट कधी बदलली आणि कुणामुळे बदलली, ते आज सांगते. म्हणजे पुढच्या वेळी कुणी हे वाक्य ऐकवलं, की ते किती सालातलं आहे हे आपल्याला कळेल.

नांदायला ये, नाहीतर...

१८८४ साल. मुंबईत रखमाबाई नावाची वीस वर्षांची मुलगी होती. अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं होतं दादाजी भिकाजी यांच्याशी. पण ती आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच वाढली, शिकली. मोठी झाल्यावर तिने सांगितलं, मला या माणसाबरोबर नांदायचं नाही. दादाजींनी कोर्टात दावा लावला की बायकोला नांदायला पाठवा.

हा ‘नांदायला पाठवा’ म्हणायचा दावा आपल्या धर्मशास्त्रातून आलेला नव्हता. इंग्रजांनी तो त्यांच्या देशातून आणला होता. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. दादाजींनी अपील केलं, खटला पुन्हा चालला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: एका महिन्यात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी कळवलं की मी तुरुंगात जाईन, पण नांदायला जाणार नाही. सगळ्या देशात गहजब झाला. शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली, दादाजींना दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं. त्यानंतर रखमाबाई विलायतेला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट इथे त्यांनी बायकांची दवाखान्यातली सेवा केली.

बायकोला तुरुंगात घालायची तरतूद पुढे गेली. पण नांदायला पाठवण्याचा दावा मात्र राहिला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात तो कलम ९ म्हणून आजही आहे. बाईने पोटगी मागितली रे मागितली, की ‘नांदायला या’ अशी वकिलाची नोटीस येते ती याच कलमाच्या जोरावर. नोटीस आली की घरचे घाबरतात. पोलीस धरून नेतील असं वाटतं. तसं काही होत नाही. बाईला धरून नांदायला नेण्याचा अधिकार कोणत्याही कोर्टाला नाही.

मग पोटगीचं काय? त्याचीही एक गोष्ट आहे. पोटगीचा कायदा फौजदारी कायद्यात का आहे, असा प्रश्न कधी पडलाय का? इंग्रज सरकारला बायकांचा कळवळा होता म्हणून तो आला नाही. टाकलेल्या बायका-मुलं उपाशी राहिली की रस्त्यावर भीक मागतील, चोऱ्यामाऱ्या वाढतील, ही काळजी होती. म्हणून १८७२ च्या आणि नंतर १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत मॅजिस्ट्रेटला अधिकार दिला की ऐपत असून बायको-मुलांना न पोसणाऱ्याकडून दरमहा पैसे वसूल करा. १८९८ च्या संहितेतलं हे कलम होतं ४८८. कारण काहीही असो, एक गोष्ट चांगली झाली. कायदा फौजदारी असल्यामुळे तो सगळ्या धर्मांच्या बायकांना सारखा लागू झाला.

१९७३ मध्ये नवी संहिता आली आणि या कलमाचा नंबर १२५ झाला. तेव्हा एक मोठी भर पडली. घटस्फोट झालेली बाईसुद्धा, तिने दुसरं लग्न केलेलं नसेल आणि तिला स्वतःचं भागवता येत नसेल, तर पोटगी मागू शकते असं ठरलं. याच कलमाखाली इंदूरच्या शाहबानो कोर्टात गेल्या. साठी ओलांडलेल्या या बाईला नवऱ्याने तलाक दिला होता, आणि हायकोर्टाने मंजूर केलेली पोटगी होती महिना १७९ रुपये २० पैसे. १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यावरून वादळ उठलं, १९८६ मध्ये मुस्लिम स्त्रियांसाठी वेगळा कायदा झाला, आणि आपला हक्क गेला असं पुष्कळ जणींना वाटलं. पण २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या कायद्याचा अर्थ बाईच्या पुढच्या आयुष्याची सोय होईल असा लावला. जुलै २०२४ मध्ये तर स्पष्टच सांगितलं की तलाक झालेल्या मुस्लिम बाईलाही कलम १२५ खाली पोटगी मागता येते.

१९७३ च्या कायद्यात पोटगीला ५०० रुपयांची मर्यादा होती. नवरा कितीही कमवो, त्याहून जास्त द्यायला लावता येत नसे. २००१ मध्ये देशभरासाठी ही मर्यादा काढून टाकली. आता रक्कम ठरते ती नवऱ्याची कमाई आणि बायको-मुलांची गरज बघून. १ जुलै २०२४ पासून संहिता पुन्हा बदलली आहे, तिचं नाव भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. पोटगीचं कलम आता १४४ आहे. जुन्या अर्जांत १२५ दिसेल, नव्यात १४४. गोष्ट एकच.

आता पहिल्या वाक्याकडे परत येऊ. कायदा म्हणतो, पुरेसं कारण नसताना बाई नवऱ्याकडे राहायला नाकारत असेल तर पोटगी नाही. सगळी मेख ‘पुरेसं कारण’ या दोन शब्दांत आहे. नवऱ्याने दुसरी बायको केली किंवा ठेवली, तर ते पुरेसं कारण आहे असं कायद्यातच लिहिलंय. मारहाण, छळ, घराबाहेर काढणं ही कारणं कोर्ट ऐकतं. जानेवारी २०२५ मध्ये झारखंडच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने आणखी पुढचं सांगितलं. नवऱ्याने नांदायला पाठवण्याचा हुकूम मिळवला होता, बायको गेली नव्हती. घरातला संडास वापरू देत नव्हते, स्वयंपाकाची धड सोय नव्हती, गर्भ पडला तेव्हा नवरा फिरकला नाही, असं तिचं म्हणणं होतं. कोर्टाने सांगितलं की नांदायला जाण्याचा हुकूम मोडला एवढ्यावरून पोटगी बुडत नाही, न जाण्याचं कारण बघावं लागतं. तिला दरमहा दहा हजार रुपये मंजूर झाले. रखमाबाईंच्या निकालापासून इथवर यायला १३८ वर्षं लागली.

म्हणून नोटीस आली तर फाडून टाकू नका आणि गप्पही बसू नका. उत्तर द्या, आणि आपलं कारण त्यात लिहा. दवाखान्याचा कागद, पोलिसांत दिलेली तक्रार, मोबाईलवरचे निरोप जपून ठेवा.

स्टॅम्प पेपरची सोडचिठ्ठी

आपल्याकडे अनेक जातींत काडीमोड होती. पंचांसमोर काडी मोडायची, देणंघेणं मिटवायचं, आणि बाईला पाट लावायला मोकळीक असायची. ज्यांना वरच्या जाती म्हणत त्यांच्यात मात्र बाईला सुटकाच नव्हती. नवरा दुसरी, तिसरी करू शकत होता, बाईने मात्र जन्मभर तिथेच राहायचं.

हा कायदा बदलण्याची सुरुवात संस्थानांत झाली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये स्त्रियांच्या छळाविरुद्ध आणि काडीमोडीबद्दल कायदे केले. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९३१ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. मुंबई प्रांतात १९४६ मध्ये एका बायकोवर दुसरी करायला बंदी आली आणि १९४७ मध्ये घटस्फोटाचा कायदा झाला. सगळ्या देशासाठी हे व्हावं म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिल आणलं. ते अडवलं गेलं, आणि १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. नंतर त्याच बिलाचे तुकडे करून कायदे झाले. त्यातला हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ ला आला. रखमाबाई तेव्हा हयात होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या.

मुस्लिम भगिनींची लढाईही इथलीच आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधानभवनावर मोर्चा घेऊन गेल्या. मागणी होती, तोंडी तलाक बंद करा. फक्त सात जणी! एका दमात तीनदा म्हटलेला तलाक सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये रद्द ठरवला, आणि २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला.

आता स्टॅम्प पेपरचं बघू. शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर दोघांनी सह्या केल्या, नोटरीचा शिक्का मारला, म्हणजे घटस्फोट होत नाही. हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना १९५५ चा कायदा लागू आहे, आणि त्यात घटस्फोट कोर्टच देतं. दोघांची संमती असेल तर १९७६ पासून संमतीने घटस्फोट मिळतो, पण तोही कोर्टातूनच. एखाद्या समाजात काडीमोडीचा जुना रिवाज असेल तर कायदा तो मानतो, पण तो रिवाज खरोखर आहे हे कोर्टात पुराव्याने दाखवावं लागतं. नुसतं ‘आमच्यात चालतं’ म्हणून भागत नाही. आदिवासी भगिनींना हा कायदा सहसा लागू नाही, त्यांचा रिवाज वेगळा धरला जातो.

यात धोका कुणाला? बाईलाच. अशा कागदावर विसंबून तिने दुसरं लग्न केलं, तर ते लग्न कायद्याने टिकत नाही. आणि त्या कागदात एक ओळ हळूच घातलेली असते: ‘आम्ही राजीखुशीने वेगळे राहतो, पोटगी नको.’ ही ओळ पुढे तिच्याविरुद्ध दाखवली जाते. ‘पोटगी नको’ असं लिहून दिलं म्हणून हक्क संपत नाही, असं कोर्टांनी पुष्कळदा म्हटलंय. पण ते सिद्ध करता करता वर्षं जातात. आणि आईने काहीही लिहून दिलं, तरी मुलाच्या पोटगीचा हक्क तिला सोडता येत नाही. तो मुलाचा आहे. तेव्हा वाचून घेतल्याशिवाय अंगठा नाही, सही नाही.

मुलं कुणाची?

१८९० चा पालक आणि पाल्य कायदा इंग्रजांचा. त्यात बाप हयात असेल आणि नालायक नसेल तर दुसरा पालक नेमायचाच नाही, असं होतं. १९५६ च्या कायद्यातही लिहिलं गेलं की मुलाचा नैसर्गिक पालक बाप, आणि ‘त्याच्यानंतर’ आई. ‘त्याच्यानंतर’ म्हणजे तो मेल्यावर, असाच अर्थ सगळे लावत आले.

१९८४ मध्ये लेखिका गीता हरिहरन यांनी आपल्या लहान मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचं ठरवलं. पालक म्हणून सही आईने केली होती आणि वडिलांची त्याला संमती होती. तरी बँकेने अर्ज परत पाठवला, वडिलांची सही आणा म्हणून. त्या सुप्रीम कोर्टात गेल्या. फेब्रुवारी १९९९ मध्ये निकाल लागला की ‘त्याच्यानंतर’ म्हणजे ‘तो नसताना’. बाप लक्ष देत नसेल, दूर राहत असेल, किंवा दोघांचं तसं ठरलं असेल, तर बाप जिवंत असतानाही आई पालक असते.

ताबा ही आणखी वेगळी गोष्ट. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडेच राहील, हे १९५६ च्याच कायद्यात आहे. त्यापुढे कोर्ट एकच बघतं, मुलाचं हित कशात आहे. मूल समजतं असेल तर त्यालाही विचारतात. मूल ही कुणाची मालमत्ता नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९७३ मध्येच म्हटलंय. आईची कमाई कमी आहे एवढ्यावरून ताबा जात नाही, कारण मूल आईकडे असलं तरी खर्च देण्याची जबाबदारी बापावर असतेच. लग्नाबाहेर झालेल्या मुलालाही बापाकडून पोटगी मिळते. आपल्या महाराष्ट्रात तर १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदांवर बाळाच्या नावानंतर आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं.

अर्ज करताना

पोटगीचा अर्ज तुम्ही आता जिथे राहता तिथल्या कोर्टात करता येतो, सासरच्या तालुक्याला खेटे घालायची गरज नाही. शहरात कुटुंब न्यायालय असतं, नसेल तिथे मॅजिस्ट्रेटचं कोर्ट. निकाल लागेपर्यंत तात्पुरती पोटगी मागा. त्या अर्जाचा निर्णय नवऱ्याला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो ६० दिवसांत करावा, असं कायदा सांगतो. नागपूरच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२० मध्ये ठरवून दिलंय की पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यायची आणि दोघांनी आपली कमाई, मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर सांगायची. म्हणून अर्ज लवकर करा. आणि हुकूम होऊनही पैसे आले नाहीत, तर थकबाकीसाठी वर्षाच्या आत अर्ज करायचा, हे विसरू नका. वर्ष उलटलं की या मार्गाने वसुली अडते.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या कायद्याने प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिची कमाई कितीही असो. तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज द्यायचा. फोनवर विचारायचं तर नंबर आहे १५१००.

गटाच्या पुढच्या बैठकीत ही तीन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा, आणि प्रत्येकाच्या पुढे साल लिहा: १८८७, १९५५, १९९९. गावात कुणी लेक परत आली असेल, तर तिला हे आधी सांगा. कागद पुढे करणारे तिच्याकडे लवकर पोहोचतात. आपण त्यांच्या आधी पोहोचायला हवं.