तीव्र आंत्रपुच्छशोथातील पेशीय प्रक्रिया
तीव्र आंत्रपुच्छशोथ (अ‍ॅपेंडिसायटिस) म्हणजे मोठ्या आतड्याच्या आरंभी असलेल्या, एका टोकाला बंद अशा आंत्रपुच्छ या नळीला येणारी दाहयुक्त सूज. रोगाचे हे इंग्रजी नाव अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८६ मध्ये रूढ केले.

विष्ठेच्या खड्याने किंवा सुजलेल्या लसीका-ऊतकाने पोकळी बंद झाल्यास आत श्लेष्मा साचून दाब वाढतो व शिरा दबतात. रक्तपुरवठा मंदावून अस्तराच्या पेशी मरतात आणि एरवी पोकळीतच राहणारे एशेरिकिया कोलाय, बॅक्टेरॉइड्स यांसारखे जीवाणू भित्तीत शिरतात. मात्र शस्त्रक्रियेने काढलेल्या अनेक आंत्रपुच्छांत असा अडथळा आढळत नाही. त्यामुळे ही पाठ्यपुस्तकी मांडणी एकटी पुरेशी ठरत नाही.

भित्तीतील महाभक्षी पेशी जीवाणूंचे घटक ओळखून सायटोकाइने स्रवतात. त्यांपैकी इंटरल्यूकिन-८ हे न्यूट्रोफिल या श्वेतपेशींना रक्तातून ऊतकाकडे आकर्षित करते. न्यूट्रोफिल जीवाणू गिळतात, परंतु त्यांची प्रथिनभंजक एंझाइमे व क्रियाशील ऑक्सिजन-संयुगे रुग्णाच्या स्वतःच्या ऊतकाचाही नाश करतात. सूक्ष्मदर्शकाखाली न्यूट्रोफिल स्नायुस्तरात दिसणे ही निदानाची प्रमुख खूण होय. ते केवळ अस्तरात असणे पुरेसे मानले जात नाही.

शोथ बाहेरील पर्युदरापर्यंत पोहोचला की बेंबीभोवतीची वेदना उजव्या ओटीपोटात स्थिरावते. आंत्रपुच्छाची धमनी अंत्य-धमनी असल्याने तीत गुठळी झाल्यास पर्यायी रक्तपुरवठा नसतो. अशा वेळी भित्ती कुजून फुटू शकते आणि पू पोटात पसरून जीवघेणा पर्युदरशोथ उद्भवतो.