भाग २३: जुलै २००१, स्टाफरूम आणि युनिट चौसष्ट

ज्यांना कानात हेडफोन घालायला वेळ नाही, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित अवतार. बोलताना जे 'म्हणजे बघा ना' शंभर वेळा आलं, ते बरंचसं काढून टाकलंय.

या मे महिन्यात माझी आई रिटायर झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. जन्मतारीख १ जून, म्हणजे ३१ मेला सेवा समाप्त. (तिच्या वयाच्या निम्म्या शिक्षकांचा वाढदिवस १ जूनलाच का असतो, हा एका वेगळ्या भागाचा विषय आहे.) ग्रॅच्युइटी, जीपीएफ, पेन्शन विक्रीची रक्कम, असं सगळं मिळून आमच्या घराने कधी एकत्र पाहिले नव्हते एवढे पैसे येणार होते. आई म्हणाली, "तू इंजिनिअर आहेस, तूच बघ कुठे ठेवायचे ते."

मी लगेच लॅपटॉप उघडला. एक्सेल शीट, बारा टक्के परतावा, पंधरा वर्षं, वर चढत जाणारा छान हिरवा आलेख. आईने तो शांतपणे पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "हे पैसे मला दिवाळीत लागले, तर मिळतील? आणि किती मिळतील?"

मी म्हटलं, "मिळतील गं, पण किती ते बाजारावर..."

ती म्हणाली, "मग ते चौसष्टसारखंच झालं की."

मला चौसष्ट म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. २००१ साली मी इतका लहान होतो की पैशांचा अर्थ माझ्यासाठी पेप्सीकोला एवढाच होता. म्हणून वाचायला बसलो, आणि त्यातून हा भाग तयार झाला.

तर, १९६३ साली संसदेने कायदा करून युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया, म्हणजे यूटीआय, स्थापन केली. १ फेब्रुवारी १९६४ला काम सुरू झालं आणि त्याच वर्षी जुलैमध्ये पहिली योजना आली: युनिट स्कीम १९६४. लोकांच्या तोंडी 'यूएस-६४' किंवा नुसतं 'युनिट'. दर्शनी किंमत दहा रुपये. कल्पना खरंच चांगली होती. शेअर बाजार म्हणजे सट्टा, असं समजणाऱ्या कारकुनाने, शिक्षकाने, विधवा बाईने थोडे थोडे पैसे द्यायचे. जाणकार माणसं ते गुंतवणार आणि दरवर्षी लाभांश देणार. आपण आज म्युच्युअल फंड म्हणतो, त्याची भारतातली सुरुवात हीच.

आता यातली मेख ऐका. आज तुमच्या ॲपमध्ये रोज रात्री एनएव्ही बदलते. फंडाकडे असलेल्या सगळ्या मालमत्तेची त्या दिवशीची किंमत भागिले युनिट्सची संख्या, एवढा सरळ हिशोब. यूएस-६४मध्ये हा आकडा लोकांना दिसतच नव्हता. खरेदी-विक्रीचा भाव यूटीआय स्वतः जाहीर करायची. जुलैमध्ये भाव कमी असायचा आणि मग महिन्यागणिक थोडा थोडा वाढत जायचा. बाजार पडो की चढो, भाव आपला शिस्तीत वरच.

आमच्या भाषेत सांगायचं तर, डॅशबोर्डवर आकडा हार्डकोड केला होता. मागे सर्व्हर जळतोय, पण स्क्रीनवर सगळं हिरवं.

सुरुवातीची कित्येक वर्षं हे चाललं. पण नव्वदच्या दशकात योजनेतला शेअर्सचा वाटा वाढत गेला आणि निम्म्याच्या पुढे गेला. लोकांना मात्र ती अजूनही ठेवीसारखीच वाटत होती. लाभांश एका टप्प्यावर २६ टक्क्यांपर्यंत गेला होता. इथे एक बारकावा आहे: तो टक्का दहा रुपयांच्या दर्शनी किमतीवर होता, तुम्ही मोजलेल्या भावावर नाही. तरी आकडा ऐकायला गोड होताच.

१९९८ साली पहिला धक्का बसला. योजनेची गंगाजळी उणे झाल्याचं बाहेर आलं. दीपक पारेख यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, सरकारने मदत केली. नंतर तंत्रज्ञान कंपन्यांच्या शेअर्सची लाट आली, त्यामुळे जखम तात्पुरती झाकली गेली. मार्च २००१मध्ये बाजार कोसळला आणि ती पुन्हा उघडी पडली.

सोमवार, २ जुलै २००१. यूटीआयने यूएस-६४ची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवली. सुमारे दोन कोटी युनिटधारक होते. पैसे आहेत, पण काढता येत नाहीत. आई सांगते, दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये पेपर एका हातातून दुसऱ्या हातात फिरत होता आणि मधल्या सुट्टीत कुणी डबाच उघडला नाही.

आणि सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट: त्याआधीच्या एप्रिल-मे महिन्यांत चार हजार कोटींहून जास्त रक्कम योजनेतून बाहेर पडली होती, आणि तिचा मोठा भाग कंपन्यांचा होता. जाहीर भाव तेव्हा चौदा रुपयांच्या आसपास. नंतर, जानेवारी २००२पासून एनएव्ही जाहीर व्हायला लागली, तेव्हा ती सहा रुपयांच्याही खाली निघाली.

याचा अर्थ एका काल्पनिक उदाहरणातून बघू. शंभर युनिट्स आहेत. मागे खरी मालमत्ता आठशे रुपयांची, म्हणजे युनिटला आठ रुपये. पण जाहीर भाव चौदा. निम्मे लोक आधी बाहेर पडले, त्यांनी सातशे रुपये नेले. उरलेल्या पन्नास युनिट्सच्या वाट्याला शंभर रुपये, म्हणजे दोन-दोन रुपये! खोटा भाव कुणीतरी भरतंच, आणि भरतो तो शेवटी थांबणारा, विश्वास ठेवणारा माणूस.

पुढे सरकारने सावरलं. छोट्या धारकांना आधी मर्यादित युनिट्स परत करायची मुभा मिळाली, मग पाच हजार युनिट्सपर्यंत बारा रुपये आणि त्यावरच्या युनिट्सना दहा रुपये अशी हमी आली. २००३मध्ये यूटीआयचे दोन भाग झाले आणि उरलेल्या धारकांना ६.७५ टक्क्यांचे पाच वर्षांचे करमुक्त रोखे मिळाले. म्हणजे बरेच पैसे परत आले. पण ज्याला ते ऑगस्ट २००१मध्ये हॉस्पिटलसाठी हवे होते, त्याला २००८ सालचा रोखा काय कामाचा?

आता उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल हा एफडीचा प्रचार करतोय. २००१च्या सप्टेंबरमध्ये सेन्सेक्स तीन हजारांच्या खाली होता. जानेवारी २००८मध्ये तो एकवीस हजारांच्या घरात होता. म्हणजे त्याच पडलेल्या बाजारात ज्याच्याकडे सात वर्षं थांबायची सोय होती, तो फायद्यात राहिला. बाजार एकच, पण दिवाळीत पैसे लागणारा माणूस वेगळा आणि सात वर्षांनी लागणारा वेगळा.

माझ्या एक्सेलमध्ये नेमकी हीच गोष्ट नव्हती. परताव्याचा रकाना होता, तारखेचा नव्हता. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या पोराचा हिशोब मी अठ्ठावन्न वर्षांच्या बाईच्या पैशांवर लावत होतो.

मग आम्ही दोघं परत बसलो, यावेळी आईच्या जुन्या वहीवर. प्रत्येक खर्चापुढे तारीख लिहिली. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन, गावच्या घराचं छप्पर, माझं लग्न. दोन वर्षांच्या आत लागणारे पैसे सरळ बँकेत. मोठा हिस्सा ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, जिथे दर तीन महिन्यांनी व्याज येतं. आणि जे दहा वर्षं लागणारच नाहीत, अशा छोट्या हिश्शातून दर महिन्याला थोडे थोडे इंडेक्स फंडात. आईला पेन्शन आहे, म्हणून हे जमतंय. तुमच्या घरी पेन्शन नसेल, तर हे गणित वेगळं असेल, आमचं कॉपी-पेस्ट करू नका.

रात्री माझं स्वतःचं ॲप उघडलं. लग्नाला आठ महिने आहेत आणि हॉलचे, केटररचे पैसे सगळे स्मॉलकॅप फंडात! दुसऱ्या दिवशी काढून घेतले. त्यानंतर बाजार थोडा वर गेला, चुटपुट लागली. आईला सांगितलं, तर म्हणाली, "हॉलवाल्याला चढ-उतार सांगणार होतास का?"

आता तुमच्यासाठी गृहपाठ. आज तुमच्या प्रत्येक गुंतवणुकीपुढे फक्त एक तारीख लिहा, पैसे कधी लागणार त्याची. आणि घरात कुणाकडे युनिट चौसष्टची आठवण असेल, तर जेवताना विचारा. जे ऐकाल ते मला नक्की कळवा.

भेटू पुढच्या भागात!