आधी कोणती कळी उमलली?

शेराच्या कुंपणाला फुलं आली तरी ती कुणी जवळ जाऊन निरखत नाही. चीक डोळ्यांत उडण्याची धास्ती असते. वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियसने मात्र या गोतावळ्यातली फुलं बारकाईने पाहिली होती. पुंकेसर मोजून वनस्पतींचे वर्ग पाडायचे, ही त्याची पद्धत. १७५३ साली ‘स्पीशीज प्लांटारम’ या ग्रंथात त्याने शेर, निवडुंग, दुधी यांच्या युफोर्बिया प्रजातीला बारा पुंकेसरांच्या वर्गात बसवलं. एक चिमुकला पेला, त्यात पुंकेसरांची दाटी, मधोमध दांड्यावर कललेला बीजकोश. हे सारं मिळून एक फूल, असं त्याने धरलं.

पुढे १८१४ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउनने त्या पुंकेसरांच्या दांड्यावरच्या एका सांध्याकडे लक्ष वेधलं. सांध्याच्या खाली फुलाचा देठ आणि वर पुंकेसर. म्हणजे दिसायला नुसता पुंकेसर असला, तरी ते एक अख्खं नरफूल होतं. मधलं एकुलतं मादीफूल होतं आणि लिनियसचं ‘फूल’ हा प्रत्यक्षात पूर्ण फुलोरा होता. लिनियससारख्या तयारीच्या माणसालाही फूल कुठे संपतं आणि फुलोरा कुठे सुरू होतो हे नजरेने ठरवता आलं नाही, यावरून हे काम किती अवघड होतं ते कळतं.

तोवर फुलोरे ओळखले जात ते आकारावरून. कोथिंबीर, बडीशेप, ओवा, गाजर यांचा छत्रीसारखा फुलोरा तर इतका ठळक, की ऑक्सफर्डच्या रॉबर्ट मॉरिसनने १६७२ साली केवळ या छत्रधारी वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. एकाच वनस्पतिगटाला वाहिलेल्या सुरुवातीच्या ग्रंथांत तो मोडतो. लिनियसनेही कणिश, मंजरी, छत्र, स्तबक अशा प्रकारांना नेमक्या व्याख्या दिल्या. त्या व्याख्या उपयोगी होत्या, आजही आहेत. पण आकार फसवतो. वरून सपाट दिसणारे दोन फुलोरे आतून अगदी निराळ्या रीतीने वाढलेले असू शकतात.

ही कोंडी फोडली योहानेस रोपर या तरुण जर्मन अभ्यासकाने. १८२४ साली त्याने युफोर्बियावरच प्रबंध लिहिला होता आणि दोन वर्षांनी फुलोऱ्यांवर निबंध प्रसिद्ध केला. त्याचा प्रश्न साधा होता. कोणती कळी आधी उमलते?

बहाव्याचा पिवळा घोस पाहावा. देठाकडची फुलं आधी फुलतात आणि टोकाला कळ्या शिल्लक असतात, कारण दांड्याचा शेंडा अजून वाढतोच आहे. झेंडूत, सूर्यफुलात हाच क्रम कडेकडून मध्याकडे सरकतो. कोथिंबिरीच्या छत्रीतही कडेची फुलं आधी. याला अकुंठित फुलोरा म्हणतात. मोगऱ्यात उलट. तिथे शेंड्याचीच कळी होते, दांड्याची वाढ तिथेच खुंटते आणि बाजूच्या कळ्या मागाहून येतात. तीन कळ्यांच्या झुबक्यात मधली आधी फुलते. हा कुंठित फुलोरा.

तुळशीची मंजरी या बाबतीत सर्वांत जास्त शिकवून जाते. आख्खा तुरा खालून वर फुलत जातो, म्हणून ती सरळ अकुंठित वाटते. पण तुऱ्यावर थराथराने सहा-सहा फुलं असतात, एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला तीन. त्या तिन्हींत मधलं फूल आधी उघडतं. एकाच मंजरीत दोन्ही रीती नांदतात, आणि त्या पाहायला भिंगाचीही फारशी गरज नाही. दोन-चार सकाळी वृंदावनाशी थांबलं की पुरे.

मग १८३७ मध्ये लुई आणि ओगस्त ब्राव्हे या फ्रेंच भावांनी कुंठित फुलोऱ्यांच्या फांद्या कशा वळतात याचं भूमितीतून विवेचन केलं. पावसाळ्यात पडीक जमिनीवर उगवणाऱ्या भुरुंडीचा विंचवाच्या नांगीसारखा वळलेला तुरा याच गटात मोडतो. धाकट्या ओगस्तने पुढे स्फटिकांची अंतर्रचना चौदा जाळ्यांत बसवून दाखवली. फुलांची मांडणी आणि स्फटिकातल्या बिंदूंची मांडणी या दोन्हींकडे तो एकाच शिस्तीने पाहत होता.

महाराष्ट्रातल्या झाडांच्या वर्णनात फुलोऱ्यांची ही भाषा भेटते ती थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशात. कुक पेशाने अभियंता आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य. त्यांचा कोश १९०१ ते १९०८ या काळात भागाभागांनी निघाला. सह्याद्रीतली झाडं ओळखताना अभ्यासक आजही तो उघडतात.

रोपरच्या प्रश्नाचं उत्तर पेशीपर्यंत पोचायला मात्र १९९० चं दशक उजाडावं लागलं. शेंड्याने वाढत राहायचं की स्वतःच फूल होऊन थांबायचं, यावर ताबा ठेवणारं जनुक इंग्लंडमधल्या संशोधकांना आधी स्नॅपड्रॅगनमध्ये आणि १९९७ साली मोहरीच्या कुळातल्या अराबिडॉप्सिसमध्ये सापडलं. ते बिघडलं की अकुंठित तुरा शेंड्याला फूल धरून थांबतो. तुरीतही याच घराण्यातल्या जनुकाचा वाढ खुंटण्याशी संबंध जोडला गेला आहे. आयसीपीएल ८७ सारख्या लवकर येणाऱ्या वाणात मुख्य दांडा फुलोऱ्यातच संपतो, आणि शेंगा झाडाच्या माथ्यावर झुपक्याने लागतात.