बीएमआय सारखा, चरबी दुप्पट: एका फोटोची आणि सहा गावांची गोष्ट

आजची गोष्ट सुरू होते एका फोटोपासून. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक लंडनचे जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे चित्तरंजन याज्ञिक. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. म्हणजे उंचीच्या मानानं वजन एकदम बरोबर. पण शरीरातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त!

हे कळलं कसं? डेक्सा स्कॅनमुळे. रॉन्टगेनला १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले आणि हाडं दिसू लागली. डेक्सामध्ये दोन वेगवेगळ्या ताकदीचे क्ष-किरण शरीरातून सोडतात. हाड, स्नायू आणि चरबी ते किरण कमी-जास्त अडवतात. त्या फरकावरून संगणक हिशोब मांडतो: हाड किती, चरबी किती. वजनकाट्याला हे जमत नाही. त्याच्यासाठी किलो म्हणजे किलो.

आता तुम्ही म्हणाल, दोन माणसांवरून काय सिद्ध होतं? काहीच नाही. फोटो फक्त समजावून सांगायला होता. खरं काम आधीच सुरू झालं होतं, १९९३ मध्ये, पुण्याजवळच्या सहा गावांत.

इथे मला आपलं रिद्धपूर आठवतं. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडे जायचं, विचारायचं, मग नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यायचं. त्यातून 'लीळाचरित्र' उभं राहिलं. संशोधनाचीही चाल तीच: माणसांपर्यंत जा, नीट नोंद करा, ताडून बघा.

याज्ञिकांच्या चमूनं तेच केलं. गावातल्या बाया गरोदर राहण्याआधीपासून त्यांच्या नोंदी ठेवल्या. दिवस गेल्यावर सोनोग्राफीनं पोटातल्या बाळाची वाढ मोजली. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, ध्वनिलहरी असतात. बाळं जन्मली ती सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची बाळं सुमारे साडेतीन किलोची. आपली लेकरं लहान, स्नायू कमी; पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. २००३ मध्ये या बाळाला जगभर नाव मिळालं: 'थिन-फॅट' बाळ. दिसायला बारीक, आतून चरबीदार.

पोरं सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांचं डेक्सा स्कॅन झालं, रक्तही तपासलं. २००८ मध्ये निष्कर्ष आला: गरोदरपणात ज्या आयांच्या रक्तात फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये इन्सुलिन नीट काम न करण्याचं प्रमाण सर्वांत जास्त. म्हणजे मधुमेहाची वाट आईच्या पोटातूनच सुरू होऊ शकते.

लक्षात घ्या, एक स्कॅन म्हणजे नुसतं चित्र. तीच माणसं, तीच मोजणी, वर्षानुवर्षं, तेव्हा त्याचा पुरावा होतो. आणि त्यासाठी सहा गावांतल्या आयांनी पुन्हा पुन्हा वेळ दिला.

म्हणून भारतीयांसाठी जास्त वजनाची रेषा आता २५ ऐवजी २३ बीएमआयवर धरतात. घरात कुणाला मधुमेह असेल, तर "मी तर काटकुळा, मला काय होतंय" असं म्हणू नका. कंबर मोजा, साखर तपासा. डेक्सा लागणार नाही, टेप पुरेल.

भेटूया पुढच्या भागात!