खेळाडूला ठाऊक, पात्राला नाही : इस्लापूर, १९४८

एक खेळ कल्पून पाहावा. टेबलाभोवती चार-पाच जण, मध्ये फासे आणि नकाशा. कथेचा काळ जानेवारी १९४८. एका खेळाडूकडे इस्लापूरच्या कास्तकाराची भूमिका आली आहे. रझाकारांच्या बातम्या रोज कानावर येतात. पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात, उमरखेडकडे निघून जायचे की गावातच राहायचे, हे त्याला ठरवायचे आहे. खेळाडू चटकन म्हणतो, "राहू या. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन होणारच आहे."

खेळ चालवणारा इथे हात वर करतो. सप्टेंबर खेळाडूला ठाऊक आहे, कास्तकाराला नाही.

भूमिका-खेळांच्या जगात या चुकीला 'मेटागेमिंग' म्हणतात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा या प्रकारातला पायाभूत खेळ १९७४ साली आला, पण ज्ञानाची ही वाटणी त्याहून जुनी आहे. १८२४ च्या सुमारास प्रशियात राइसविट्झ या लष्करी अधिकाऱ्याने 'क्रीगश्पील' हा युद्धखेळ सिद्ध केला. त्यात दोन्ही बाजूंमध्ये एक पंच बसे. रणांगणावरील सेनापतीला जेवढे दिसले असते, तेवढेच तो खेळाडूला सांगे. टेकडीमागची पलटण टेकडीमागेच राही.

आता कास्तकाराला काय दिसते ते पाहू. सर्वप्रथम नकाशा बदलावा लागेल. खेळाडू सवयीने 'नांदेड जिल्हा' म्हणेल. प्रत्यक्षात इस्लापूर मंडळ तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील बोथ तालुक्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते, किनवट आणि राजुरा तालुक्यांसह, मुंबई राज्याकडे आले. म्हणजे 'आपण शेवटी महाराष्ट्रातच जाणार' हे वाक्य या पात्राच्या तोंडी शोभणारे नाही. पैनगंगा ही त्याच्यासाठी राज्याची सीमा आहे. त्याच्या कनवटीला निजामाचा हाली शिक्का आहे. पलीकडे कलदार चालतो आणि सहा कलदारांना सात हाली मोजावे लागतात. परागंदा होण्याचा विचार करणाऱ्याला हा हिशेब आधी सुचतो.

भविष्याविषयी तरी त्याला काय ठाऊक असणार? भारत सरकार आणि निजाम यांच्यात २९ नोव्हेंबर १९४७ रोजी 'जैसे थे' करार झाला, तो एका वर्षासाठी. ही बातमी गावापर्यंत पोचली असेल, तर नोव्हेंबर १९४८ पर्यंत काही हलणार नाही, असाच तिचा अर्थ त्याने लावला असता.

याच महिन्यातील उमरीचा प्रसंग या नियमाची खरी कसोटी पाहतो. ३० जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. उमरीकडे निघालेल्या सैनिकाची भूमिका करणारा खेळाडू ही तारीख ऐकताच गंभीर होतो. त्या सैनिकाच्या मनात मात्र फक्त उमरी आहे.

याहून अवघड भूमिका त्याच गावातील मुसलमान कास्तकाराची. तो रझाकार नाही. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, १७ तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि त्यानंतर मराठवाड्यात मुसलमानांवर जे अत्याचार झाले, त्यांची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली. सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत नांदेडचे नाव आहे. हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. 'तो वेळीच निघून का गेला नाही?' हा प्रश्न अहवाल वाचलेल्या खेळाडूचा आहे. जानेवारीत त्या माणसाला विचारला, तर त्याला तो कळणारही नाही.

अर्थात इतिहासकाराने अहवाल मिटून ठेवायचा असा याचा अर्थ नव्हे. तसे केले तर १७ सप्टेंबर हा केवळ ध्वजारोहणाचा दिवस उरतो. निर्णय समजून घेताना पात्राची वही उघडायची, परिणाम तोलताना स्वतःची. गोंधळ होतो तो एका वहीतली नोंद दुसरीत उतरल्यावर. आपल्याकडच्या कित्येक वादांत लोक १९४८ च्या माणसाला आजच्या वहीवरून भित्रा नाही तर दूरदृष्टीचा ठरवतात. ते अन्याय्य तर आहेच, शिवाय आळशीपणाचेही आहे.

टेबलाकडे परतू. खेळाडूला सप्टेंबर वापरता येणार नाही, तेव्हा त्याला कास्तकाराचेच प्रश्न विचारावे लागतात. कापसाची शेवटची वेचणी उरली आहे, बैल कोणाकडे ठेवायचे? उमरखेडला कोण ओळखीचे? आणि नदी? जानेवारीत पैनगंगेचे पाणी उतरलेले असते, बायकामुलांना घेऊन पार होता येते. पावसाळ्यात ती दुथडी वाहते. वाट पाहायची म्हटले, तर जूननंतर वाटच उरत नाही.

खेळाडू फासे खाली ठेवतो आणि विचारतो, "वेचणीला किती दिवस लागतील?"